लपविलेला आजार आणि न मागितलेला हक्क



स्मरणिकेच्या पानांवर दरवर्षी आपल्या समाजाच्या प्रगतीचा लेखाजोखा मांडला जातो. कोणाच्या मुलीने पदवी मिळविली, कोणी स्वतःचे घर घेतले, कोणत्या शहरात जयंतीला किती समुदाय जमला, याची नोंद येथे अगत्याने होते आणि ती झालीच पाहिजे. परंतु ज्या आजाराने आपल्या कर्त्या माणसांची दृष्टी, पाय, मूत्रपिंडे आणि अखेर प्राणही जात आहेत, त्याला या पानांवर जागा मिळत नाही. मधुमेह आणि थायरॉइडसारखे हार्मोनचे विकार यांचा उच्चार करताना आपल्या घरांत आवाज आपोआप खाली येतो. 'जरा शुगर आहे' एवढ्यावर विषय संपतो, आणि चहात साखर पडतच राहते.

आमचे म्हणणे आम्ही आरंभीच मांडतो. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांचे मधुमेहाने जे नुकसान होत आहे, त्याचा मोठा भाग टाळता येण्याजोगा आहे. तो टळत नाही याची कारणे दोन: समाज आजार लपवितो, आणि व्यवस्थेने कागदावर मान्य केलेला हक्क कोणी मागत नाही. पहिल्या कारणाबद्दल समाजाला आणि दुसऱ्याबद्दल येथील आरोग्यसेवेला जाब विचारणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

लपविण्याच्या मुळाशी लाज आहे आणि लाजेच्या मुळाशी एक समजूत आहे. 'खाण्यावर ताबा नाही, अंगात आळस आहे, म्हणून हा रोग झाला', ही ती समजूत. नातेवाईक ती उघड बोलतात. डॉक्टर आणि नर्स तीच गोष्ट 'जीवनशैली' या सभ्य शब्दात सांगतात. आहाराचा आणि व्यायामाचा संबंध आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण तेवढेच खरे असते, तर सडपातळ बांध्याच्या, दिवसभर राबणाऱ्या आपल्या माणसांना चाळिशीच्या आत हा आजार का गाठतो?

याचे उत्तर आपल्याच मुलुखातून मिळाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ सालापासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गर्भवती माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी करण्यात आली. साउदॅम्प्टनच्या बाळाचे सरासरी वजन ३.५ किलो, तर आपल्याकडील खेड्यातल्या बाळाचे २.७ किलो. मात्र वजनातली ही तूट मुख्यतः स्नायूंत आणि अवयवांत होती. चरबी त्या मानाने टिकून होती. आईच्या पोटी अन्नाची ओढ सोसलेले असे शरीर पुढे भरल्या ताटाशी गाठ पडली की मधुमेहाला लवकर बळी पडते, असा या संशोधनाचा रोख आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी गावकुसाबाहेर, मागून आणलेल्या शिळ्या भाकरीवर गर्भ वाढविले. त्या उपासमारीचे लेखन आपल्या देहावर झाले असेल, तर तिची लाज आपण कशासाठी बाळगावी? ज्यांनी ती उपासमार लादली, त्यांनी बाळगावी.

येथील शास्त्रही हेच सांगते. पश्चिम लंडनमधील साउथॉल आणि ब्रेंट या वस्त्यांत १९८८ पासून ज्यांची नोंद करण्यात आली, त्यांच्यापैकी दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा कितीतरी अधिक आढळले. याच कारणाने 'नाइस' या संस्थेने २०१३ साली वजनाची मर्यादा आपल्यासाठी खाली आणली. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो गोऱ्या माणसासाठी २५ झाल्यावर धोक्याचा मानतात. आपल्यासाठी तो २३ लाच धोक्याचा आणि २७.५ ला फार धोक्याचा. तेव्हा 'मी कुठे जाड आहे?' हा प्रश्न आपल्या घरांतून हद्दपार झाला पाहिजे.

लाज गेली नाही, तर काय होते? मुलीचे लग्न जमविताना तिचा थायरॉइड लपविला जातो. सासरी गेल्यावर ती गोळी चोरून घेते, किंवा घेतच नाही; मग तिला थकवा येतो, अंग जड होते, केस गळतात, आणि घरातली वडीलधारी मंडळी तिला आळशी ठरवून मोकळी होतात. वास्तविक ही गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, चहा-न्याहारीच्या निदान अर्धा तास आधी घ्यावयाची साधी गोष्ट आहे. ती उजळ माथ्याने घेता येत नसेल, तर दोष त्या सुनेचा की त्या घराचा? तशीच गोष्ट इन्सुलिनची. 'सुई लागली म्हणजे माणूस संपला', असे म्हणून वर्षानुवर्षे इन्सुलिन टाळणारे आपल्यात अनेक आहेत. सुईने कोणी संपत नाही. ती टाळल्याने मात्र डोळे आणि मूत्रपिंडे संपतात.

या ठिकाणी एका थोर रुग्णाचे स्मरण करणे भाग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मधुमेही होते. संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असतानाच्या त्या दिवसांत पायांच्या वेदनांनी त्यांच्या रात्री झोपेविना जात. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला, तेव्हा प्रकृतीची काळजी घेणारे माणूस जवळ असावे, हा विचार त्यामागे होता. आणि दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी आपल्या प्रकृतीविषयी आडपडदा ठेवला नाही. ते लंडनमध्ये शिकत होते, त्याच काळात, जानेवारी १९२२ मध्ये, टोरोंटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. तरीही मधुमेहींसाठी आज जी साधने घरोघरी आहेत, बोटाच्या टोकावर साखर मोजणारे यंत्र किंवा दंडावर लावावयाचा सेन्सर, ती त्यांना लाभली नाहीत. ६ डिसेंबर १९५६ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी ते गेले. ज्यांनी आपला आजार लपविला नाही, त्यांच्या अनुयायांनी तो लपवावा, हे कोणत्या निष्ठेत बसते?

आता दुसरा भाग, हक्काचा. ५ जुलै १९४८ रोजी या देशात राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तिचा खर्च आपण करातून देतो. व्हिसावर येथे राहणारे तर आगाऊ देतात. २०२४ पासून प्रौढाला वर्षाकाठी १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो. म्हणजे हॉस्पिटलात जाणे हे कोणाच्या दारी याचना करणे नव्हे. तरीही आपले लोक नर्ससमोर अपराध्यासारखे बसतात आणि 'थँक यू' म्हणून उठतात. काय मिळावयास हवे होते, हेच त्यांना ठाऊक नसते.

ते काय आहे? मधुमेही माणसाची वर्षातून एकदा पूर्ण तपासणी झाली पाहिजे: तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडांसाठी रक्ताची आणि लघवीची अशा दोन तपासण्या, वजन, धूम्रपानाची विचारपूस आणि उघड्या पायांची तपासणी. याशिवाय डोळ्यांच्या पडद्याचे छायाचित्र वेगळ्या केंद्रावर घेतले जाते. मोजे न काढता पायांची तपासणी झाली असेल, तर ती झाली नाही, असे समजावे आणि तसे सांगावे. पायाला जखम झाली, रंग बदलला किंवा सूज आली, तर एका कामकाजाच्या दिवसात पायांच्या विशेष पथकाकडे पाठविणे अपेक्षित आहे. कोणत्याही कारणाने हॉस्पिटलात दाखल झालेल्या मधुमेहीचे पाय तेथे पाहिले जावेत, असाही दंडक आहे. आजार नव्याने कळलेल्यास गटात बसून शिकविणारे अभ्यासवर्ग मोफत आहेत. गर्भवतीला, ती केवळ दक्षिण आशियाई वंशाची आहे एवढ्या कारणानेही, २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान साखरेची चाचणी देऊ केली पाहिजे. आणि गर्भारपणात मधुमेह झाला असेल, तर बाळंतपणानंतरही दरवर्षी तपासणी हवी. 'बाळ झाले, शुगर गेली' असे समजून ती तपासणी सोडून देणाऱ्या आपल्या अनेक भगिनींना पुढे हा आजार कायमचा गाठतो.

औषधांच्या शुल्काचे पाहा. इंग्लंडमध्ये गोळ्या वा इन्सुलिनवर असलेला मधुमेही, थायरॉक्सिन घ्यावे लागणारा थायरॉइडचा रुग्ण, तसेच ॲड्रिनल वा पिट्युटरी ग्रंथी मंदावलेला रुग्ण यांना सर्वच औषधांचे शुल्क माफ असते. त्यासाठी जी. पी. कडून एफपी ९२ ए हा अर्ज भरून प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि साधारणतः पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. हा अर्ज माहीत नसल्याने वर्षानुवर्षे प्रत्येक औषधामागे पैसे मोजणारी माणसे आमच्या पाहण्यात आहेत. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथे तर सर्वांनाच औषधे विनाशुल्क आहेत.

मग हक्क कागदावर असूनही तो पोहोचत का नाही? येथे आम्ही व्यवस्थेला दोष देतो. इंग्रजी न वाचणाऱ्या आजीच्या नावे इंग्रजी पत्र येते, ते टेबलावर पडून राहते, तारीख निघून जाते, आणि तिच्या नावापुढे 'उपस्थित राहिली नाही' असा शेरा बसतो. दोनदा असे झाले की तिला यादीतून वगळले जाते, आणि 'हे लोक सहकार्य करीत नाहीत' असा निष्कर्ष निघतो. सहकार्य कोणी केले नाही? आहाराचे पत्रक पाव, बटाटा आणि पास्ता यांचे प्रमाण सांगते. ज्वारीची भाकरी, वरण-भात, पोळी यांचे सांगत नाही. दक्षिण आशियाई म्हणून पंजाबी, गुजराती, उर्दू, बंगाली पत्रके पुढे केली जातात. मराठी माणूस त्या मोजणीत कोठेच नसतो.

याहून गंभीर गोष्ट दुभाष्याची. दुभाषा विनामूल्य मिळावा आणि ते काम लहान मुलांवर टाकू नये, हे आरोग्यसेवेच्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे. प्रत्यक्षात बारा-तेरा वर्षांची मुलगी शाळा बुडवून आईबरोबर जाते आणि आईच्या मासिक पाळीच्या तक्रारी डॉक्टरला सांगते. मुलगा बापाबरोबर जातो. मधुमेहाने पुरुषाच्या नसांवर आणि वैवाहिक जीवनावर होणारा परिणाम तो बाप मुलाच्या तोंडून कसा सांगणार? तो गप्प बसतो, आणि डॉक्टर 'काही तक्रार नाही' असे लिहितो. यापुढे अपॉइंटमेंट घेतानाच 'मराठी दुभाषा हवा' असे सांगावे. कोणी मागतच नाही, म्हणून ठेवीत नाही, असे म्हणावयास त्यांना जागा देऊ नये.

आपल्या कुटुंबांपुरती एक बाब इतकी महत्त्वाची आहे की ती प्रत्येकाने लिहून ठेवावी. विदर्भातील आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलचा आजार असलेल्याच्या बाबतीत एचबीएवनसी या तपासणीवर विसंबता येत नाही. केवळ वाहक असलेल्यातही हा आकडा खऱ्या साखरेपेक्षा कमी दिसू शकतो. याचा अर्थ असा की ४८ च्या आत आकडा आला म्हणून 'मधुमेह नाही' असे सांगितलेला माणूस मधुमेही असू शकतो. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याकडून आलेल्या प्रत्येकाने 'माझ्या घराण्यात सिकलसेल आहे. माझी साखर दुसऱ्या पद्धतीनेही तपासा', असे डॉक्टरला सांगितले पाहिजे. डॉक्टर आपण होऊन विचारील, या भरवशावर राहू नये. त्याच्या लेखी आपण सारे 'एशियन'.

ॲड्रिनल ग्रंथींचा विकार दुर्मीळ असला, तरी त्याकडे दुर्लक्ष प्राणघातक ठरते. लंडनच्या गाइज हॉस्पिटलचे थॉमस ॲडिसन यांनी तो १८५५ साली प्रथम वर्णिला. क्षयरोग हे त्याचे जुने कारण, आणि आपल्या अनेक घरांनी क्षय पाहिलेला आहे. अशा रुग्णाने स्टेरॉइडची गोळी कधीही अचानक बंद करू नये. ताप आला तर मात्रा वाढवावी लागते, उलट्या होऊ लागल्या तर तातडीचे इंजेक्शन लागते. २०२० पासून त्यांच्यासाठी आणीबाणीचे कार्ड देण्यात येते. ते पाकिटात असले पाहिजे. कपाटात ठेवलेले कार्ड बेशुद्ध माणसाच्या उपयोगी पडत नाही.

आता घरच्या वैद्यांकडे वळू. गावाहून येणारा प्रत्येक पाहुणा एक पुडी घेऊन येतो आणि 'मुळापासून बरा होतो' अशी ग्वाही देतो. अशा काही पुड्यांत गुपचूप मिसळलेली ॲलोपॅथीची औषधे सापडली आहेत, काहींत शिसे आणि पारा. ज्याला बरे होण्याची आस आहे, त्याने शास्त्राकडे यावे. न्यूकॅसल आणि ग्लासगो येथील डॉक्टरांनी केलेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात देखरेखीखाली अल्पाहार देऊन वजन उतरविलेल्या ४६ टक्के रुग्णांची साखर वर्षअखेर औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली आली होती. हे टाइप-टू बद्दल, आणि तेही आजार कळून सहा वर्षे होण्याच्या आत. टाइप-वन मध्ये इन्सुलिन बंद करणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. ज्यांनी बुद्धिप्रामाण्य स्वीकारले, त्यांनी पुडीवर श्रद्धा ठेवू नये.

वर्षावासातील अष्टशीलाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. दुपारनंतर भोजन वर्ज्य करणारे उपासक-उपासिका इन्सुलिनवर किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळीवर असतील, तर रात्री साखर एकाएकी खाली जाऊन बेशुद्धी येण्याचा धोका असतो. ज्या तथागतांनी विकाल भोजन वर्ज्य केले, त्यांनीच आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे अवेळीही घेण्याची अनुज्ञा दिली, असे विनयपिटक सांगते. आजाऱ्यासाठी नियम सैल करणाऱ्या शास्त्याचा धम्म आजाऱ्यावर कडक करणारे आपण कोण? वर्षावासापूर्वी नर्सशी बोलावे, मात्रा ठरवून घ्यावी, आणि ते जमत नसेल, तर उरलेली शीले निष्ठेने पाळावीत.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला: 'रांगा लांबल्या आहेत, वेळच मिळत नाही, हक्क घेऊन काय करायचे?' रांग लांब असते तेव्हा मागे सरणाऱ्याचा क्रमांक प्रथम जातो, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. दुसरा: 'हे संघटनेचे काम नव्हे.' हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. किंग्ज कॉलेज हॉस्पिटलचे डॉ. आर. डी. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते आणि १९२३ साली इन्सुलिन मिळाल्यामुळे वाचले. त्यांनी आणि त्यांचे रुग्ण असलेले लेखक एच. जी. वेल्स यांनी १९३४ साली मधुमेहींची संघटना उभारली. तीच आजची डायबेटिस यूके. रुग्ण संघटित झाले, म्हणून या देशात मधुमेहीचा शब्द ऐकला जाऊ लागला. संघटनेचे महत्त्व इंग्रज लेखकाला उमगते आणि आंबेडकरी समाजाला उमगू नये?

म्हणून प्रत्येक शाखेपुढे आम्ही चार मागण्या ठेवतो. एक, मराठी आणि इंग्रजी दोन्ही चांगल्या येणाऱ्या प्रौढ स्वयंसेवकांची यादी करावी. हॉस्पिटलची पत्रे वाचून दाखविणे आणि एकट्या वृद्धांना तारखेला सोबत करणे हे त्यांचे काम. दुभाष्याचा हक्क मात्र हॉस्पिटलकडेच मागावा. दोन, आपल्यात नर्स आणि डॉक्टर थोडे नाहीत. त्यांनी भाकरी, भात आणि डाळीचे प्रमाण सांगणारे मराठी पत्रक तयार करावे. तीन, जयंतीच्या सभागृहात रक्तदाब, वजन आणि साखर तपासणारे एक टेबल असावे आणि अध्यक्षांनी सर्वांदेखत पहिले बोट पुढे करावे. चार, बुद्ध पौर्णिमेच्या खिरीचा आम्ही सन्मान करतो. पण तिचा वाडगा लहान असावा, आणि लाडू, जिलेबी, गोड पेय यांचा मारा थांबावा. कोसलच्या प्रसेनजित राजाला तथागतांनी मापात जेवावयास सांगितले आणि राजाने ते हळूहळू साधले. राजाला जमले, ते समितीलाही जमेल.

बंधू-भगिनींनो, ज्यांना पाणवठ्यावर हक्क नव्हता, त्यांनी तो झगडून घेतला. येथे हक्क आपल्या नावाने टपालाने घरी येतो, आणि आपण ते पाकीट उघडीत नाही. ते उघडा. त्यातली तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहा. जाताना घरातल्या प्रौढ माणसाला बरोबर न्या, मोजे काढा, प्रश्न विचारा, आकडे लिहून घ्या. आणि घरी आल्यावर सुनेला, जावयाला, नातवंडांना मोकळ्या आवाजात सांगा: मला मधुमेह आहे, आणि मी त्याचा इलाज घेतो आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!